फरशीवर फुटलेला दाणा

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरहून घरी आलो तो परत गेलोच नाही. गादी होस्टेलात, अर्धी पुस्तकं होस्टेलात, आणि मी गोंदियाजवळ फुलचुरात आमच्या राईस मिलच्या दारात उभा. बाबूजी म्हणाले, "यंदाचा सीझन थांब बाबू. मिल पायावर उभी राहिली का आखाडात खुशाल जा कॉलेजात. मी अडवणार नाई." मी इंटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाबूजींपुढे नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच. मी मान हलवली.

मी मुळातच भित्रा. माय म्हणायची, "हा पोट्टा जेवाले बसला तरी पयले छपराकडे पायते, पडून तं नाई राहिलं." खरंच पाहायचो. बॉयलरची शिट्टी वाजली की वाटायचं फुटला. नाही वाजली की वाटायचं, आता नक्कीच फुटतो. अशा माणसाच्या हाती धंद्याची दोरी देऊ नये, पण बाबूजींना दुसरा मुलगा नव्हता.

देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या गावची, कामठ्याची शेती काकांच्या हवाली करून बाबूजींनी गोंदियाच्या वेशीवर ही मिल टाकली. आधी आम्ही साधा, अरवा तांदूळ काढायचो. मग बाजारातले एक सेठ, जे आपलं धान आमच्याकडे भरडायला द्यायचे आणि आमचाही बहुतेक सगळा तांदूळ घ्यायचे, म्हणाले की उसन्याला मागणी आहे, उसना करा. उसना म्हणजे धान भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं आणि मग मशीनवर घालायचं. बाबूजी हसले. उसना काय आम्हाला शिकवता! आमच्या घरी माय, तिची सासू, सासूची सासू, सगळ्यांनी जन्मभर चुलीवर धान उसनलं होतं. त्या भरवशावर बाबूजींनी हौद बांधले, छोटा बॉयलर आणला, आणि मिलच्या पुढची सगळी जागा सिमेंटनं पक्की करून घेतली. काय फरशी होती! लोक कामठ्याहून पाहायला आले. बाबूजी चपला काढून त्यावर चालायचे.

आणि मग तांदूळ फुटायला लागला.

म्हणजे कसा, पोत्यात हात घातला की अर्धी कनकीच, नुसते तुकडे. थंडीत थोडी कमी होती, होळीनंतर वाढली, चैत्रात तर तोंडचं पाणी पळालं. सेठ आले, मूठभर तांदूळ तळहातावर पसरून म्हणाले, "ये चावल है कि रवा? मेरा ग्राहक मेरे मुँह पे मारेगा." सेठ जाता जाता थांबले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "एक लॉट और भेजता हूँ. वो भी ऐसा निकला तो मिल मुझे ठेके पे दे दो. आप बैठे-बैठे देखरेख करना, बस."

देखरेख! स्वतःच्या मिलमध्ये दुसऱ्याचा मुकादम. बाबूजी त्या दिवशी जेवले नाहीत. मला मात्र, सांगायला लाज वाटत नाही, आधी माझंच सुचलं. मिल गेली की माझं कॉलेज गेलं. सेठच्या गादीवर मांडी घालून पोत्यांवर नंबर टाकत बसायचं, हे मला लख्ख दिसलं. मिल उभी राहिली तर मी सुटणार होतो. ती बसली तर मीही तिच्याखाली बसणार होतो. इतकं साधं होतं ते.

तोवर उपाय काय कमी झाले होते? मिस्त्री आला, त्यानं हलरची, तूस काढायच्या मशीनची, पाती कसली. कनकी तशीच. पुन्हा आला, ढिली केली. कनकी तशीच. तिसऱ्यांदा त्यानं मशीनच्या पोटात डोकं घातलं आणि आतून म्हणाला, "मशीन में कुछ नहीं है, धान में खोट है." मग बाबूजींनी धानाला शिव्या घातल्या. कामठ्याचं धान बदलून आमगावकडचं आणलं. तेही फुटलं. शेवटी मायनं मशीनच्या चाकाला लिंबू-मिरची बांधली, पट्टा फिरला तसा त्यातला लिंबू उडून बाबूजींच्या छातीवर बसला. दुसऱ्या कोणाच्या घरी लोक हसले असते. आमच्याकडे कोणी हसलं नाही.

सगळे मशीनकडे पाहत होते, कारण तांदूळ तिथं फुटताना दिसत होता. मीही तिकडेच पाहिलं असतं. पण मशीनजवळ उभं राहायची मला भीती वाटायची, पट्टा तुटून अंगावर येईल म्हणून. म्हणून मी लांब फरशीच्या कडेला, पोत्यावर बसून होतो. हाताला चाळा म्हणून वाळलेल्या धानाचा एकेक दाणा नखानं सोलत होतो. सोललेला दाणा अख्खा निघाला. सहज उन्हाकडे धरला. आत आडवी एक रेघ होती, केसासारखी बारीक. दुसरा सोलला. त्यातही रेघ. तिसऱ्यात दोन. जरा दाबला तर दाणा त्या रेघेवर टचकन तुटला.

मी पोत्यावरून उठलो. हे धान अजून मशीनपर्यंत गेलंच नव्हतं. ते इथंच, ह्या आमच्या नव्या कोऱ्या फरशीवर फुटलं होतं. मशीन बिचारी फक्त तुकडे वेगळे करत होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आमच्याकडे खरोखर अंगणातच घोटाळा होता.

आता हे का होतं, याचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात तयार मिळालं नव्हतं. धानाचं पुस्तक मी पाहिलंसुद्धा नव्हतं. मला आठवलं ते पहिल्या वर्षीचं एक लेक्चर. आमचे फिजिक्सचे प्रोफेसर वर्गात पेटता कंदील घेऊन आले होते आणि तापलेल्या काचेवर त्यांनी पाण्याचा थेंब टाकला. काच तडकली. मागच्या बाकावरची पोरं ओरडली, "सर, ये तो हमारी माँ को भी मालूम है!" प्रोफेसर म्हणाले, काच तडकते हे सगळ्यांच्या आईला माहीत आहे, का तडकते ते सांगा. कोणालाच सांगता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं: थेंब पडतो तिथली काच गार होऊन आकसते, बाकीची गरमच असते, ती आकसत नाही. एकाच वस्तूचे दोन भाग दोन दिशांना ओढायला लागले की वस्तू मधून फाटते.

मी हातातल्या दाण्याकडे पाहिलं. बाहेरून चैत्राचं ऊन, खालून तव्यासारखी तापलेली फरशी. वरचा थर भराभर वाळून आकसत होता, आतला गाभा अजून ओला, फुगलेला. मग फाटेल नाही तर काय होईल? आणि घरी का फुटत नव्हतं? घरी सारवलेलं अंगण, माघातलं कोवळं ऊन, एखादी टोपली धान, आणि मधेच मायला दुसरं काम निघालं की तिनं ते गोळा करून पडवीत ठेवलेलं. धानाला वेळ मिळायचा. आतलं पाणी बाहेर यायचं, मग पुन्हा ऊन. पडवीत का ठेवायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं, ठेवायचं म्हणून ठेवायचं. बाबूजींनी घरची सगळी रीत मिलमध्ये आणली, नेमकी पडवी तेवढी मागे राहिली. ती त्यांना रीत वाटलीच नव्हती, बायकांचा घरकामाचा पसारा वाटला होता.

मला कळलं होतं. आता बाबूजींना सांगायचं होतं; मायला सांगून झालं होतं, पण त्यांच्यापुढे मी नुसता पाय बदलत उभा होतो. सेठचं धान हौदात भिजायलाही पडलं होतं. हाच तो शेवटचा लॉट. मायनं माझ्या पाठीत कोपर मारलं, "बोल ना लेका! तोंडात धान भरलं का तुया?"

मी बोललो. अर्ध्या वाळणीवर धान फरशीवरून उचलायचं, सावलीत ढीग लावायचा, पोत्यांनी झाकायचा, दोन-तीन तास तसाच ठेवायचा, मग पुन्हा उन्हात.

बाबूजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी अर्धं वाक्य गिळलं. "ओलं धान झाकाचं? झाकलं का धान गरम होते, वास मारते, हे शेंबड्या पोट्ट्याले समजते. अन् तू कॉलेजात जाऊन हे शिकून राहिला?"

"पूर्ण ओलं नाई बाबूजी, अर्धं..."

"माया आज्यानं कामठ्यात बोडी बांधली. आजही पाणी धरून आहे. थो कोणत्या कॉलेजात गेला होता? सांग!"

ही बोडी, म्हणजे गावचा लहानसा तलाव, आमच्या घरात प्रत्येक वादात निघायची. बोडी निघाली की समोरच्यानं हरायचं, असा रिवाजच होता. पण त्या दिवशी भीतीच इतकी झाली होती की मी भीतीपोटीच बोलून गेलो. "बाबूजी, आज्यानं बांध घालायच्या आधी काय केलं होतं?"

"काय केलं म्हंजे? अख्खा पावसाळा शेतात बसून पाणी कुठून येते, कुठी थांबते, काऊन थांबते, थे पायलं."

"मंग तेच तं मी सांगून राहिलो. धानातलं पाणी कुठून येते अन् कुठी थांबते."

बाबूजींनी वाद सोडला. पटलं म्हणून नव्हे, पोरगा उलट बोलला याचा धक्का बसला म्हणून. खांद्यावरचा पंचा झटकून म्हणाले, "कर. नाईतरी बुडूनच राहिलो. पण वास मारला ना, तं सेठच्या आधी मीच तुले गादीवर नेऊन बसवीन."

झालं! परवानगी मिळाली आणि माझी पाचावर धारण बसली. बोलणं वेगळं. आता सेठचं सगळं धान माझ्या एका कंदिलावर टांगलेलं.

सकाळी धान वाफवून फरशीवर पसरलं. कामावरच्या बाया पायांनी धानात ओळी पाडत फिरायला लागल्या. ऊन वर चढलं. अर्ध्या वाळणीवर उचलायचं खरं, पण अर्धी वाळणी म्हणजे कुठली? प्रोफेसरांनी ते कुठं सांगितलं होतं! लवकर उचललं तर ढिगात तापून वास येणार, उशीर झाला तर रेघा पडून चुकलेल्या. मी दर थोड्या वेळानं दाणा सोलायचा, उन्हाकडे धरायचा. रेघ नाही. पुन्हा सोलायचा. रेघ नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा मला नसलेल्या रेघाही दिसायला लागल्या. बायांमधली जी मोठी होती ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काऊन गा बाबू, एकेक दाणा पाहून मिल चालवशीन का?" बाकीच्या खिदळल्या.

बाबूजी कामात नसल्यासारखे लांबून फेऱ्या मारत होते. एकदा जवळ आले, दोन दाणे दाताखाली धरले, थुंकले, कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मऊ आहे अजून," आणि निघून गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले, पुन्हा चावले. या वेळी थुंकले नाहीत. उभे राहिले. मी दाणा सोलला, रेघ नव्हती. "उचलू?" मी विचारलं. ते जागचे हलले नाहीत. मी ओरडलो, "उचला!" आवाज इतका चिरका निघाला की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले.

धान उचलून छपरात आणलं, ढीग लावला, पोती टाकली. भर दुपारची वेळ. बाहेर इतकं सोन्यासारखं ऊन, फरशी रिकामी, आणि आम्ही धान झाकून बसलेले. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून विचारायचा, "कोणी गेलं का?" सुतकच वाटत होतं ते. मी ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत गरम होतं. गरम तर असणारच, उन्हातून आलेलं धान. पण हे उन्हाचं गरम की सडण्याचं? नाक घातलं. वास आला. उसन्या धानाला वास असतोच, पण हा तोच का? मी मायला बोलावलं, ती हुंगून म्हणाली, "चांगला आहे." बाहेर जाऊन ताजी हवा घेतली, परत येऊन हुंगलं, आता मला आंबट वाटला. पुन्हा मायला बोलावलं. ती म्हणाली, "आंबट तुयं तोंड झालं आहे. भाकर खा." भाकर हातात घेऊन मी पुन्हा ढिगाशी जाऊन बसलो. माझं चुकलं असेल, कंदिलाचं आणि धानाचं काही नातंच नसेल, मला एका वर्षाचं फिजिक्स येतं आणि मी बापाची मिल त्यावर लावली. हात दाखवून अवलक्षण!

मात्र एक गोष्ट झाली. ढिगाच्या आतून काढलेला दाणा, जो उचलताना वरून कोरडा खडखडीत होता, तो आता बोटांना किंचित दमट लागत होता. आतलं पाणी बाहेर आलं होतं. मी तो बाबूजींच्या तळहातावर ठेवला. त्यांनी अंगठ्यानं चोळला, आणखी एक उचलून चोळला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. एवढं कळलं की ते आता माझ्याकडे पाहत नव्हते, धानाकडे पाहत होते.

उतरत्या उन्हात धान पुन्हा पसरलं, पुन्हा वाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावायच्या वेळेला सेठ स्वतः हजर. बाबूजींनी पट्टा चढवला. मी यावेळी लांब गेलो नाही, मशीनच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. पट्टा तुटला असता तरी मला कळलं नसतं. तांदूळ पडायला लागला. लांब, अख्खा, पिवळसर. कनकी होती, पण हाताला शोधावी लागत होती. सेठनी तळहातावर घेतला, फुंकला, दुसरीकडून घेतला, पोत्याच्या तळातून काढून पाहिला. मग तांदूळ काळजीपूर्वक परत पोत्यात टाकून म्हणाले, "ठीक है. माल भेजता रहूँगा." ठेक्याचा शब्द त्यांनी काढला नाही, नंतरही कधी काढला नाही. मला तिथंच, कोंड्याच्या ढिगाजवळ रडू आलं. कोंडा डोळ्यात गेला म्हणालो.

आठवड्याभरात आसपासच्या मिलवाल्यांनी बायांकडून ऐकून धान झाकायला सुरुवात केली. मी घाबरलो, आपली युक्ती गेली. दोघा-तिघांनी भलत्याच ओल्यावर झाकलं आणि त्यांचा माल खरंच वास मारायला लागला. झाकायचं एवढं त्यांनी ऐकलं होतं, का झाकायचं ते नव्हतं. ते बाबूजींना विचारायला आले. बाबूजी खाटेवर बसून सांगायचे, "धानाच्या पोटातलं पाणी अन् पाठीवरचं पाणी बराबर व्हाले पायजे. पोट फुगलं अन् पाठ वाळली, तं माणूसही मधातून मोडते." अगदी प्रोफेसरांसारखे. लोक माना डोलवायचे. बोडीचं नाव निघत नव्हतं. मी आत बसून ऐकायचो आणि माझी छाती भरून यायची. कशाला खोटं बोलू, खूप आनंद झाला होता मला.

मिल उभी राहिली. आखाड जवळ आला. होस्टेलला निरोप पाठवायचा, गाडी कधी आहे ते पाहायचं, असं मी मनाशी ठरवत होतो, आणि एका सकाळी धीर करून बाबूजींना म्हणालो, "आता कॉलेज उघडते."

ते हौदाशी उभे होते. माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की मी तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. "कायले जातेस आता?" ते म्हणाले. "जे पुस्तकात होतं थे आलं ना तुले! मिल वाचवली तू. आता थे मास्तर तुले आणखी काय शिकवणार?" आणि जवळच्या बाईला हाक मारून म्हणाले, "याले विचारल्याबिगर आजपासून फरशीवरचं धान हलवाचं नाई."

कॉलेज निरुपयोगी आहे असं ते म्हणाले असते तर मी भांडलो असतो, रडलो असतो, मायला मध्ये घातलं असतं. पण त्यांना माझ्या शिकण्याची किंमत पटली होती, आणि पटली म्हणूनच ते मला सोडत नव्हते. अशा माणसाशी कसं भांडायचं?

बाबूजींनी हौदातून मूठभर धान काढलं. नवीनच जात होती, चांगली जाड. माझ्या हातावर ठेवून, पहिल्यांदाच, शिष्यासारखं वाकून त्यांनी विचारलं, "बाबू, हा दाणा डबल जाड आहे. यातलं पाणी बाहेर याले किती वेळ लागन? दुप्पट का आणखी जास्त?"

बाया थांबून माझ्याकडे पाहत होत्या. मला माहीत नव्हतं. तो भाग कॉलेजात त्या दिवाळीनंतर शिकवणार होते.